संस्था कुणाची?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या वेळचा विषय थोडा अवघड आहे. पारायण, उपवास, नामस्मरण यांविषयी लिहिताना आमची लेखणी भरभर चालते. पण सेवेच्या ठिकाणी दोन मोठी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली तर आपण काय करायचं, हे लिहायला बसलो आणि चार दिवस कागद कोराच राहिला. तरी लिहितो आहोत, कारण अशी भांडणं आज ना उद्या बहुतेक संस्थांमध्ये होतात, आणि त्यात आपल्यासारखे सेवेकरीही चुकतात. आम्ही चुकलो.

आमच्या गटातल्या सात-आठ जणी आठवड्यातून दोन दिवस इथे इंदूरातल्या एका लहानशा संस्थेत पोळ्या लाटायला जातात. निमाडातून, झाबुआ-अलीराजपूरकडून पेशंट इथे उपचाराला येतात. पेशंटला खाट मिळते, पण बरोबर आलेली बायको, आई, भाऊ बाहेर झाडाखाली राहतात. त्यांना ही संस्था रोज दुपारी साठ डबे देते. शिवाय वॉकर, व्हीलचेअर, ऑक्सिजनचं मशीन घरी वापरायला देते. संस्थेचं आणि तिथल्या कुणाचंही नाव आम्ही लिहीत नाही. ज्यांना ओळखू येईल त्यांनीही कृपा करून ग्रुपवर टाकू नये.

ही संस्था ज्यांनी सुरू केली त्यांना सगळे काका म्हणतात. स्कूटरच्या डिकीत घरचे दोन डबे, एवढीच सुरुवात. काकूंच्या हातचं वरण आणि काकांचे पाय, यावर पहिली काही वर्षं निघाली. पुढे रीतसर नोंदणी झाली, देणगीदार आले, एका कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ दोन खोल्या दिल्या. मग काकांनाच वाटलं, आता हिशेब पाहणारा माणूस हवा. म्हणून त्यांनीच बँकेतून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या गृहस्थांना आग्रहाने आणून अध्यक्ष केलं. त्यांना आम्ही साहेब म्हणतो. हे मुद्दाम सांगतो आहोत, कारण पुढे जेव्हा काका म्हणाले, "हा माणूस माझी संस्था बळकवायला आला," तेव्हा हे कुणालाच आठवलं नाही. आम्हालाही नाही.

भांडणाला निमित्त झालं एका रात्रीचं. झाबुआकडच्या एका माणसाचा मुलगा दवाखान्यात गेला. बापाकडे गाव गाठायला पैसे नव्हते. रात्री एक वाजता काकांना फोन आला. काकांनी संस्थेच्या कपाटातून साडेचार हजार काढले, गाडी करून दिली, आणि ड्रायव्हरच्या हातात पैसे ठेवून घरी आले. पावती नाही, सही नाही.

महिनाअखेरीस साहेबांनी विचारलं, "हे साडेचार हजार कुठे गेले?"

काका म्हणाले, "मेलेल्या पोराच्या बापाकडे मी पावती मागू?"

साहेब म्हणाले, "त्या बापाकडे नका मागू. पण तुम्ही तरी लिहून ठेवा. ताळेबंदावर सही माझी असते."

इथेच दोघांनी चहा घेतला असता तर पुढचं काही झालं नसतं. पण साहेबांनी दुसऱ्या दिवशी कपाटाचं कुलूप बदललं आणि दोन सह्यांशिवाय पैसा निघणार नाही असा कागद भिंतीवर लावला. काकांनी तो कागद फाडला. मग एका देणगीदाराने काकांच्या हातात दहा हजार रोख दिले. काकांनी त्यातून दोन वॉकर घेतले, आणि देणगीदार साहेबांकडे ८० जी ची पावती मागायला आला. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती सवलत मिळतच नाही. साहेबांना देणगीदारासमोर खाली बघावं लागलं. तिथून दोघांचं बोलणं बंद. निरोप आमच्यामार्फत.

आता आमची चूक सांगतो.

आमच्यातल्या निम्म्या काकांच्या झाल्या, निम्म्या साहेबांच्या. एक नवा ग्रुप निघाला, मग त्याला उत्तर म्हणून दुसरा. काका रागात जे बोलले ते साहेबांपर्यंत पोचवताना आम्ही त्यात आपल्या पदरचं मीठ घातलं. साहेबांचं बोलणं काकांकडे नेताना तिखट. दोघांनाही वाटायला लागलं की समोरचा आपल्याला उठवायला टपलेला आहे. आणि आम्हाला मात्र वाटत होतं की आपण सत्याची बाजू घेतो आहोत.

मग एका मंगळवारी किराण्याचं बिल अडलं. सही कुणी करायची यावर अडलं. काकांनी स्वयंपाकाच्या बायकांना कळवलं, "आज येऊ नका, बघू दे त्यांना कशी चालते संस्था." साहेबांना वाटलं, काका काहीतरी करतीलच. आम्हाला वाटलं, मोठ्यांचं भांडण आहे, आपण मध्ये कशाला पडा. त्या दिवशी साठ डबे गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकीला फोन आला. दवाखान्याबाहेर राहणारी एक बाई, तिच्याकडे आमचा नंबर होता. रागावली नव्हती. तिने फक्त विचारलं, "दीदी, कल गाड़ी नहीं आई?"

कणीक आमच्या घरात होती. गॅस होता. आठ जणींनी आठ-आठ माणसांपुरता स्वयंपाक केला असता तरी साठ डबे झाले असते. कुणाची सही लागली नसती. हे आमच्या एकीच्याही डोक्यात आलं नाही, इतक्या आम्ही त्या भांडणात रमलो होतो.

भांडण म्हटलं की एक बाजू वाईट असणार, असं आपण धरून चालतो. पण आपल्याच इतिहासातलं एक उदाहरण पाहा. १ जानेवारी १८८० ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांचे सहकारी. आगरकर लवकरच येऊन मिळाले. टिळक-आगरकर म्हणजे कॉलेजातले जिवलग मित्र. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघं मिळून डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. मोठ्या पगाराच्या नोकऱ्या सोडून थोडक्या वेतनावर शिकवणारी ही माणसं. आणि तरीही सोसायटीत बेबनाव झाला. आजीव सभासदांनी बाहेर काम करून मिळकत करावी की सगळा वेळ संस्थेलाच द्यावा, हा त्यातला एक मोठा वाद. टिळकांचं म्हणणं कडक होतं, इतरांना ते जाचक वाटत होतं. समाजसुधारणेवरचे मतभेद होतेच. १८९० मध्ये टिळकांनी आपणच उभ्या केलेल्या संस्थेचा राजीनामा दिला. दोन वर्षांनी आगरकर प्राचार्य झाले आणि १८९५ मध्ये गेले.

यात वाईट कोण होतं? कुणीच नाही. पैसा खाल्ला म्हणून हे भांडण झालं नाही. त्याग कसा करावा यावर झालं. म्हणून आमच्या मते सज्जनांचं भांडण जास्त जपून हाताळावं लागतं. लबाड माणसाला मनातून माहीत असतं की आपण लबाड आहोत. सज्जनाला आपण चुकत असू अशी शंकासुद्धा येत नाही.

आमच्यातल्या एकीने सुचवलं, हा विषय महाराजांकडे नेऊ या. आमच्या गटात एक वयस्कर माई आहेत, शाळेत शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, "महाराजांना पंच करू नका. ते जे बोलतील त्यातलं आपल्या सोयीचं तेवढं प्रत्येकजण उचलील, आणि भांडणात गुरुवाक्याची भर पडेल. आपल्याला काय शिकवलंय ते आपणच वापरून बघू."

माईंनी दोघांना आपल्या घरी बोलावलं. संस्थेत नाही, म्हणजे खुर्ची कुणाची हा प्रश्न नको. आमच्यापैकी फक्त दोघी चहापाण्याला. माईंची अट एकच होती. आपल्याकडे शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडायची पद्धत आहे. समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षाही नीट मांडायचं, मग आपलं. माई म्हणाल्या, "काका, आधी साहेबांचं म्हणणं तुम्ही सांगा. ते 'हो, हेच' म्हणेपर्यंत तुमचं सुरू करायचं नाही."

काकांना तीन वेळा प्रयत्न करावा लागला. पहिल्यांदा ते म्हणाले, "यांना सत्ता पाहिजे." साहेब म्हणाले, "नाही." दुसऱ्यांदा म्हणाले, "यांना कागदाची हौस आहे." "नाही." मग बराच वेळ गप्प बसून काका म्हणाले, "उद्या नोटीस आली तर ती यांच्या नावाने येईल. चाळीस वर्षं बँकेत एक पैशाचा डाग नाही, तो माझ्यापायी लागेल, याची यांना भीती वाटते." साहेबांनी नुसती मान हलवली.

साहेबांची पाळी आली तेव्हा त्यांनाही सोपं गेलं नाही. शेवटी म्हणाले, "यांना वाटतं की सही होईपर्यंत कुणीतरी मरेल." थोडं थांबून म्हणाले, "आणि वाटतं की आता यांची कुणाला गरज उरली नाही."

काकांनी चष्मा काढून पुसला. आम्ही आत जाऊन उगाच कपबशा विसळत बसलो.

आता मूळ प्रश्न. काकांसारखा माणूस, ज्याने आयुष्य ओतलं, त्याच्याकडे हिशेब मागणं हा त्याचा अपमान आहे का? आपल्यासारख्या श्रद्धा मानणाऱ्या माणसांना हा प्रश्न जास्त टोचतो. ज्याच्या पाया पडायचं त्याला पावती कशी मागायची?

उत्तर आम्हाला घराजवळच सापडलं. राजवाड्यासमोरून आपण शंभर वेळा जातो, तिथे अहिल्यादेवींचा पुतळा आहे. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी कारभार केला. राज्याच्या हुकुमांवर स्वतःचं नाव न घालता श्री शंकराचं नाव घालत, हे आपल्याला माहीत आहे. पण त्या हिशेबाच्या किती पक्क्या होत्या हे आपण विसरतो. होळकरांकडे खासगी आणि दौलत अशा दोन वेगळ्या थैल्या होत्या. दौलत राज्याची, फौजेची. देवींचा दानधर्म मुख्यतः खासगीतून चाले. आणि तुकोजीराव होळकर फौज घेऊन मोहिमांवर असत, तेव्हा पैशांवरून महेश्वर आणि छावणी यांच्यात वर्षानुवर्षं ओढाताण चालली. छावणीतून पैशाची मागणी येई, इकडून आधीचा हिशेब मागितला जाई. छावणीतल्या माणसाला वाटणार, आम्ही इथे जीव धोक्यात घालतो आणि तुम्हाला आकडे सुचतात. महेश्वरात बसलेल्याला वाटणार, हा पैसा शंकराचा आहे, विचारल्याशिवाय कसा देऊ. काका आणि साहेब तरी दुसरं काय म्हणत होते?

राज्य शंकराचं मानलं म्हणून देवींनी हिशेब सैल सोडला नाही. उलट शंकराचं मानलं म्हणूनच घट्ट धरला. स्वतःचा पैसा असता तर कसाही उडवता आला असता. आपल्या उत्सवात उरलेल्या पत्रावळीसुद्धा मोजून वहीत लिहितात, त्यालाही हेच कारण आहे. ट्रस्टीला मराठीत विश्वस्त म्हणतात. त्या शब्दातच आलं की वस्तू दुसऱ्याची आहे आणि विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली आहे. कायदाही तेच म्हणतो. संस्थापक असो की विश्वस्त, संस्थेच्या पैशातून स्वतःला किंवा नातेवाईकांना फायदा करून देता येत नाही, दिला तर आयकराची सवलत धोक्यात येते. ज्याने संस्था जन्माला घातली त्यालाही कायदा मालक मानत नाही.

पण हे फक्त काकांना ऐकवून थांबलो तर आम्ही पुन्हा चुकू. साहेबांकडेही एक हिशेब बाकी होता. माईंनी त्यांना विचारलं, "तुम्ही रात्री कधी गेलात तिथे?" साहेब कधीच गेले नव्हते. ज्या कामाला नियम लावायचा ते काम पाहिलंच नाही, तर तो नियम कितीही बरोबर असला तरी अंगाला लागतो. पुढच्या आठवड्यात साहेब एक रात्र काकांबरोबर दवाखान्याबाहेर बसले. काय पाहिलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. भिंतीवर नवा कागद लागला तेव्हा त्यात एक ओळ जास्त होती.

ती ओळ अशी. रात्रीच्या अडचणीसाठी दहा हजारांचं पाकीट काकांजवळ राहील. कुणाकडे पावती मागायची नाही. सकाळी वहीत तारीख, गावाचं नाव, रक्कम आणि कारण एवढं एका ओळीत लिहायचं, बरोबर असेल त्या दुसऱ्या माणसाची सही घ्यायची. पाकीट संपलं की वही दाखवायची, पाकीट पुन्हा भरायचं. बँकेच्या भाषेत ही साधी पेशगी. रोख देणगी यापुढे क्रमांक घातलेल्या पावतीपुस्तकाशिवाय कुणीच घ्यायची नाही, अध्यक्षांनीही नाही. आणि डबे आणि किराणा यांचं बिल कुठल्याही वादात अडवायचं नाही.

वाल्मीकी रामायणात भरताची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून तो नंदिग्रामात राहिला. पण शेवट आपण घाईने ऐकतो. राम परत आल्यावर भरत राज्य परत देतो, आणि आपणहून म्हणतो की खजिना, कोठार, नगर, सैन्य, सगळं तपासून घ्या, तुमच्या तेजाने ते दसपट झालं आहे. रामाने हिशेब मागितला नव्हता. भावाने मागण्याआधी भावाने दिला. त्यामुळे मागणारा संशयी ठरला नाही आणि देणाऱ्याचा अपमान झाला नाही. हिशेब कुणी कुणाला मागायचा यावरून भांडणं होतात. दोघांनी आपापला आधी पुढे ठेवला तर भांडायला फार थोडं उरतं.

आता सगळं छान झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. काका आणि साहेब पूर्वीसारखे मित्र राहिले नाहीत. काकांनी सचिवपद सोडलं. नव्या सेवेकऱ्यांना पेशंटच्या नातेवाईकांशी कसं बोलायचं हे शिकवायचं काम त्यांनी मागून घेतलं. साहेबांचीही मुदत संपली की ते पुन्हा उभे राहणार नाहीत म्हणतात. मीटिंगमध्ये दोघं समोरासमोर बसतात, कामापुरतं बोलतात. काहीजणींना हे अपुरं वाटतं. आम्हाला वाटतं, साठ डबे वेळेवर जात आहेत आणि वहीत ओळी लिहिल्या जात आहेत, एवढ्यावर मन जुळायला वेळ देता येईल. आणि हेही सांगायला हवं की इथे पैशाची अफरातफर नव्हती. ती असती तर माईंच्या चहाने भागलं नसतं. तिथे गोडीगुलाबीने झाकपाक करणं हेही पाप आहे, तिथे लेखापरीक्षण आणि कायदाच हवा.

आम्ही आमच्यापुरत्या तीन गोष्टी ठरवल्या आहेत. आपल्या कुटुंब-ग्रुपांनाही उपयोगी पडतील म्हणून लिहितो.

१. एकाचं बोलणं दुसऱ्याकडे न्यायचं नाही. "तुम्हीच त्यांना सांगा, हवं तर मी बरोबर येते," एवढंच म्हणायचं.

२. बाजू घ्यायचा मोह झाला की आधी त्या दिवशीचं काम झालं का ते पाहायचं. नसेल तर पदर खोचायचा.

३. सेवा कितीही लहान असो, विचारायच्या आधी सांगायचं. भिशीचे पैसे, प्रसादाचे तूप, हळदीकुंकवाची वर्गणी, सगळं.

ते दोन जास्तीचे ग्रुप आम्ही बंद केले. बंद करताना एकीने विचारलं, "त्यात जे लिहिलं ते पुसायचं का?" माई म्हणाल्या, "पुसा, पण आधी एकदा स्वतःचं स्वतः वाचा." आम्ही वाचलं. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

संस्था कुणाची, हे त्या फोन करणाऱ्या बाईला विचारलं तर तिला यातलं काहीच ठाऊक नाही. काका कोण, अध्यक्ष कोण, तिला सांगता येणार नाही. तिचा नवरा बरा होऊन गावी गेला. जाताना तिने डबा घासून, पुसून, परत आणून दिला होता. दुसऱ्याची वस्तू होती ना.

जय गुरुदेव 🙏